गाणाऱ्या ढोलापुढं उलटं चालताना

हिंगोली
१८ जानेवारी १९७७

किशनराव मास्तरांस ग्यानोबा भोंगेवाल्याचा रामराम.

पाकीट फोडल्यावर तुम्ही आधी खालची सही बघाल आणि मग पत्र वाचायचं का चुलीत घालायचं ते ठरवाल, म्हणून नाव वरच टाकलं. चुलीत घालणार असाल तर आतला तिळगूळ तेवढा आधी काढून घ्या. खंडव्यापर्यंत त्याचा भुगा झाला असेल तर तो पोस्टाचा दोष.

पत्ता आपल्या बँडातल्या धर्मसिंगनं दिला. तो सोयऱ्याकडं खंडव्याला आला होता, तेव्हा बाजापेट्या दुरुस्तीच्या दुकानात त्यानं तुम्हाला ओळखलं. तुम्हीही त्याला ओळखलंत, असं तो म्हणतो, कारण त्याला पाहताच तुम्ही खाली वाकून स्क्रू शोधायला लागलात आणि तो जाईपर्यंत वर आला नाहीत. एवढा मोठा ढोल वाजवणारा माणूस, त्याला कुणी टाळलेलं कळणार नाही असं कसं वाटलं तुम्हाला?

आता वाईट बातमी, म्हणजे पुढची चांगली मोकळेपणी सांगता येईल. आपला संतराम भाद्रपदात गेला. कावीळ अंगावर काढली. पुसेगावात घरीच होता आणि शेवटपर्यंत बोटं खाटेच्या माचव्यावर वाजवत होता. तुम्हाला कुणीतरी कळवलं असेल असं मला वाटलं. मग वाटलं, कळवलं असतं तर तुम्ही आला असता.

चांगली बातमी अशी, की त्याच्या सोजराचं लग्न ठरलं. मुलगा हट्टा गावचा, शाळेत मास्तर आहे. लग्न बुद्ध पौर्णिमेला पुसेगावात. पोरीनं एकच हट्ट धरलाय: वरातीला आपलाच नवयुग बँड पाहिजे आणि बापाचं गाणं पाहिजे. आणि किशनराव मास्तरांची क्लॅरोनेट नसेल तर बँडच नको. तिच्या आईनं, जनकाबाई वहिनींनी, तिला समजावलं, मी समजावलं. ती म्हणते, बाबांचं गाणं मास्तर काकांच्या सुरावर सुरू व्हायचं, दुसऱ्या कुणाच्या सुरावर झालं तर ते बाबांचं गाणं नाही.

तुम्ही संतरामला कायम बाजूनं पाहिलं, मास्तर. समोरून पाहणारा मी एकटा. गळ्यात इंग्रजी ढोल, दोन्ही हातांत काड्या, मग माईक धरायचा कुणी? म्हणून त्याच्या तोंडापुढं माईक धरून मी वरातीच्या सगळ्यांत पुढं उलटा चालायचो. एवढी लग्नं केली पण नवरी कशी दिसते ते मला घरी येऊन बायकोला विचारावं लागायचं. मी बघायचो त्या संतरामच्या मिटलेल्या पापण्या, मिशीवरचा घाम आणि गाताना डावीकडं सरकणारा जबडा. तेवढं पाहून माझं पोट भरायचं.

साखरा गावच्या लग्नात जे झालं ते माझ्या पाठीनं झालं, हे मी तेव्हाही म्हटलं होतं, आताही म्हणतो. डोळे पुढच्या बाजूला असताना मागं चालणाऱ्यानं चुकायचं नाही तर कुणी? त्याचा राग अजून असेल तर मला दोन शिव्या लिहा आणि लग्नाला या.

तुमचा
ग्यानोबा


हिंगोली
२० फेब्रुवारी १९७७

किशनराव मास्तर, रामराम.

शिव्यासुद्धा आल्या नाहीत. काही हरकत नाही, मी वाट बघायला मोकळा आहे. म्हणजे खरं तर मोकळा नाही, इलेक्शन लागलंय. सकाळी एका पक्षासाठी भोंगा फिरवतो, दुपारनंतर दुसऱ्या. आपल्या बँडातला मुंजाजी भोंग्याची हातगाडी ढकलतो आणि झेंडा बदलायचं कधी कधी विसरतो. परवा सेनगावात गाय-वासराच्या प्रचाराला आम्ही भलताच झेंडा लावून गेलो होतो. लोकांनी हसून सोडलं. साखऱ्यासारखं झालं नाही.

पण मला तुम्हाला दुसरीच गंमत सांगायची आहे. गेल्या आठवड्यात जनकाबाई वहिनींचा निरोप आला, तातडीनं या. गेलो. वहिनी उंबऱ्यात बसलेल्या, तोंड उतरलेलं. मला आत नेलं, संतरामच्या ढोलाची पेटी उघडली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक फोटो दाखवला. खांद्यापर्यंत लांब केस, अंगात फुलाफुलांचा सदरा.

"भावजी, खरं सांगा," त्या म्हणाल्या. "ही कोण बाई हाय?"

मला हसू आवरेना, आणि मेलेल्या दोस्ताच्या बायकोसमोर हसायचं कसं ते कळेना. ती बाई नाही, ढोलवाला आहे, असं मी सांगितलं तर त्यांना पटेना. तुम्हाला आठवतो का तो पोस्टमास्तरांचा भाचा, औरंगाबादला कॉलेजात होता तो? त्यानंच मासिकातलं ते पान आणून दिलं होतं. विलायतेत गाणाऱ्यांच्या टोळ्या असतात म्हणे, त्यातल्या एका टोळीत मागं बसून ढोल वाजवणाराच गातो. फोटोत त्याचं तोंड उघडं आहे आणि हातात काड्या आहेत. त्याच्यापुढं माईक एका वाकड्या लोखंडी दांड्याला लावलेला आहे.

तुम्हीच संतरामला म्हणायचात ना, की फुंकणाऱ्यानं फुंकावं, बडवणाऱ्यानं बडवावं, ढोलवाल्यानं गाणं म्हणजे बैलानं दूध देणं? तो फोटो मिळाला त्या दिवशी संतराम पळत माझ्याकडं आला होता. म्हणाला, "ग्यानोबा, मी एकटाच येडा न्हाई. समुद्रापल्याडबी एक हाय." मग त्यानं फोटो नीट बघितला आणि त्याला त्या माणसाची दया आली. "बिचाऱ्याला उलटा चालणारा गडी मिळाला न्हाई. लोखंडाची दांडी धरून राहिला."

हे ऐकल्यावर वहिनी हसल्या. संतराम गेल्यानंतर पहिल्यांदाच, असं सोजरा म्हणाली. मग वहिनींनी फोटोवरची धूळ पदरानं पुसली आणि झाकण लावलं.

तुम्हाला तो फोटो कधी दाखवला नाही त्यानं. तुम्हाला टोमणा मारल्यासारखं होईल म्हणाला. आता मी मारला.

ग्यानोबा


हिंगोली
२७ मार्च १९७७

किशनराव मास्तर, रामराम.

तुमचं कार्ड मिळालं. 'क्लॅरोनेट विकली. पुन्हा लिहू नये.' अक्षर अजून सरळ आहे, बघून बरं वाटलं. पुन्हा लिहू नये म्हणालात म्हणून लगेच लिहायला बसलो.

विकली असेल तर विकली. आम्ही माणसाला बोलावलंय.

इकडं वेगळीच अडचण उभी राहिली. संतरामचे चुलते दगडोबा, तुम्ही त्यांना ओळखता, पांढऱ्या टोपीतले, वस्तीच्या सभेच्या खोलीची, तक्क्याची चावी ज्यांच्याकडं असते ते. त्यांनी सोजराला घरी बोलावून सांगितलं, की आपल्या लग्नात वाजंत्री नको. बुद्धवंदना होईल, दोन भीमगीतं होतील, जेवणं होतील. आपण धर्म घेतला तेव्हा गावची हलगी आपल्या हातानं विहिरीत टाकली, आणि तुझ्या बापानं पुन्हा गळ्यात ढोल अडकवला, ते मला जन्मभर पटलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी तिथंच बसलो होतो. म्हाताऱ्याचं चूक आहे असं मला म्हणता येईना. त्यांच्या बापाला ऐन तापातसुद्धा हलगी घेऊन पाटलाच्या दारात उभं राहावं लागायचं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सोजरा म्हणाली, "आबा, बाबाला मी हेच इचारलं व्हतं. बाबा म्हणले, हलगी बोलावणं आलं की वाजवावी लागायची. ह्यो ढोल मला वाटलं तर वाजवतो, न्हाई वाटलं तर घरी बसतो. आन गातो त्ये तर कुणी सांगितलंच न्हाई."

दगडोबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मी निघालो तेव्हा मला म्हणाले, "ढोलवाल्याची पोरगी हाय. तिच्यापुढं कुणाचं चालतंय?" म्हणजे परवानगी मिळाली. आता अडलंय ते फक्त खंडव्यात.

एक सांगायचं राहिलं. गाणं सोजराला येतं, मला येतं, मुंजाजीला येतं. तुम्हालाही येतं, कितीही नाही म्हणालात तरी. "बोल बोल ढोला, लेक कुणाची ही?" आणि मग ढोलाचा तुकडा, आणि मग उत्तर. त्या उत्तरात नवरीच्या बापाचं नाव बसवायचं असायचं. म्हणून प्रत्येक लग्नात सुरू करायच्या आधी संतराम वाकून मला विचारायचा, "बापाचं नाव काय?" ते नाव शोधून ठेवणं हे माझं दुसरं काम. वरातीतली माणसं परगावची, त्यांना कुणाला माहीत नसायचं, मी आचाऱ्याला विचारून ठेवायचो. नाव गाण्यात आलं की तो बाप, मग तो सावकार असो की सालगडी, गर्दीत असेल तिथं ताठ उभा राहायचा. हे मला दिसायचं नाही, संतराम सांगायचा.

साऱ्या तालुक्यातल्या बापांची नावं त्यानं गायली. आता त्याच्या पोरीच्या वरातीत ते नाव घ्यायचं आहे. धर्मसिंगला ढोल येतो, गाणं येत नाही. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे, भोंग्यातूनसुद्धा कुणी ऐकत नाही.

या.

ग्यानोबा


हिंगोली
२४ एप्रिल १९७७

किशनराव मास्तर,

आज रामराम नाही. आज भांडायचं आहे.

तुमचं उत्तर नाही, लग्न तोंडावर आलंय आणि सोजरानं काल मला विचारलं, "काका, मास्तर काकाला बाबाचा एवढा राग काहून?" मला खोटं सांगता आलं नाही आणि खरं सांगायचा मला अधिकार नाही. म्हणून ते तुम्हालाच लिहितो.

मी पहिल्या पत्रात लिहिलं, साखऱ्याला माझ्या पाठीनं चूक केली. ते खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे तुम्हाला माहीत आहे.

उलटा चालणारा आंधळाच असतो आणि संतराम गाताना डोळे मिटायचा, म्हणून तर रस्ता तुमच्याकडं होता. दुपारी नवरीकडच्या माणसाबरोबर तुम्ही जाऊन रस्ता पाहून यायचात. वळण आलं की क्लॅरोनेटवर सूर द्यायचात: एक लांब सूर, उजवीकडं. दोन तुटक, डावीकडं. लोकांना वाटायचं गाण्यातलीच हरकत आहे.

साखऱ्याला पिंपळापाशी डावीकडं वळायचं होतं. तुम्ही सूर दिला नाहीत.

त्या दिवशी तुम्ही नवीन बसवलेली चाल सुरू केली होती आणि वसमतकडच्या वऱ्हाडानं ती अर्ध्यावर तोडून संतरामला गायला लावलं. तुम्ही क्लॅरोनेट खाली घेतली. मला समोरून दिसत होतं, मास्तर. तुमचे ओठ मिटलेले होते. आम्ही सरळ गेलो आणि त्याच दिवशी लग्न असलेल्या दुसऱ्याच मांडवात घुसलो. तिथल्या सासूनं आपल्या नवरदेवाचे पाय धुतले, ओवाळलं, गूळपाणी दिलं. मुंडावळ्यांमागून तोंड कुणाला दिसतंय? तिथल्या नवरीच्या मामाला तेवढी शंका आली, की सुपारीच्या दिवसापेक्षा जावई उंच कसा झाला. तेवढ्यात खरा जावई त्यांच्या बँडसह दारात.

मग आपल्या नवरदेवाचा चुलता ओरडत आला, रस्ता कुणाकडं होता? तुम्ही काही बोलायच्या आत संतराम पुढं झाला. माझे डोळे मिटले होते, मास्तरांचा दोष नाही, म्हणाला. गालावर दोन बसल्या. तुम्ही तिथंच उभे होतात. आठवड्यानं तुम्ही हिंगोली सोडलीत. लोक म्हणाले, मास्तरांना अपमान सहन झाला नाही. मीही तेच म्हणत राहिलो.

संतरामला माहीत होतं. आजारपणात मी एकदा रागानं तुमचं नाव काढलं तर तो हसायला लागला, इतका की वहिनी धावत आल्या. त्याचे शब्द जसेच्या तसे देतो. "मास्तरचा सूर रुसला व्हता, मला कळलं की. पिंपळाची पानं वाजली, वळण आलं त्ये कानाला कळलं. मी थांबायला पायजे व्हतं. पण लोकं नाचून राहिली व्हती, ग्यानोबा. कोन थांबतंय? अर्धी चूक माझी हाय. मास्तरला सांग, उरलेल्या अर्ध्यासाठी एवढ्या लांब जायची गरज नव्हती."

निरोप दिला. तुम्ही त्याच्यावर रागावलेले नाही, तुम्ही त्याच्यापुढं यायला लाजता, हे मला ठाऊक आहे. आता तर तोही नाही. मग लाजता कुणाला?

गाडी खंडव्याला बसलात की थेट हिंगोलीला उतरवते, कुठं बदलायचीसुद्धा नाही. डोळे मिटून आलात तरी पोचाल.

ग्यानोबा


हिंगोली
८ मे १९७७

किशनराव मास्तर, रामराम, जयभीम, सगळंच.

पंगतीत तुम्ही बुंदी दोनदा मागून घेतलीत हे मी पाहिलं. पान आणायला वळलो, परत येतो तर तुम्ही एसटीत. त्यामुळं जे तोंडावर बोलायचं ते पुन्हा कागदावरच.

विकलेली क्लॅरोनेट टॉवेलात गुंडाळून आणलीत ते बरं केलंत. धर्मसिंगनं विचारलं नाही, मीही विचारलं नाही. दुपारी तुम्ही एकटे वेशीपासून मांडवापर्यंत चालत गेलात आणि परत आलात, ते मात्र आम्ही सगळ्यांनी पाहिलं. वहिनींनी दारातून पाहिलं आणि आत जाऊन ढोलाची पेटी उघडली.

वरात निघाली. शाळेपाशी एक लांब सूर, आम्ही उजवीकडं. विहिरीपाशी दोन तुटक, आम्ही डावीकडं. मी माईक धरून उलटा चालत होतो आणि माईकपुढं कुणी नव्हतं. धर्मसिंग ढोल वाजवत होता, तोंड मिटून. मला वाटलं, एवढंच होईल, आणि एवढंही पुष्कळ आहे.

मग पोरं ओरडायला लागली, गाणं, गाणं. तुम्ही क्लॅरोनेट काढून काखेत धरली. माझ्याजवळ आलात, वाकलात, आणि अगदी त्याच्यासारखं विचारलंत, "ग्यानोबा, बापाचं नाव काय?"

मास्तर, मी कधी नाव विसरलो नाही. आचाऱ्याला, न्हाव्याला, पाणी भरणारीला विचारून ठेवायचो. त्या दिवशी कुणाला विचारायची गरज नव्हती आणि नाव तोंडातून निघेना. तुम्हाला वाटलं असेल मला ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. तुम्ही पुन्हा विचारलंत, तेव्हा मी म्हणालो, "संतराम."

तुम्ही डोळे मिटलेत.

"बोल बोल ढोला, लेक कुणाची ही?
संतरामाची लाडकी, उभ्या गावाची ही."

तुमचा आवाज चांगला नाही. हे सांगायला पत्रच बरं. फाटका आहे आणि वरच्या पट्टीत तर शेळी ओरडल्यासारखा. पण त्या ओळीनंतरची वरात तुम्हाला दिसली नाही. दगडोबांनी टोपी हातात घेतली होती आणि ते नाचत होते. नाचता येत नाही त्यांना, नुसते जागच्या जागी उड्या मारत होते. धर्मसिंग रडत होता आणि ताल सोडत नव्हता. तुम्ही दुसऱ्यांदा म्हणालात, तिसऱ्यांदा म्हणालात, प्रत्येक वेळी नाव आधीपेक्षा मोठ्यानं.

आता जे झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. क्लॅरोनेट तुमच्या काखेत. तुमचे डोळे मिटलेले. माझी पाठ पुढं. म्हणजे सगळ्या वरातीत रस्ता कुणाकडंच नव्हता.

पायाखाली शेणाची जमीन लागली तेव्हा मला शंका आली. गोठ्याचा वास आला तेव्हा खात्री झाली. मी थांबायला पाहिजे होतं. पण लोकं नाचून राहिली होती, मास्तर. कोण थांबतंय?

तेवढ्यात बाजूनं खांद्यावर हात पडला. बांगड्या वाजल्या. पांढऱ्या साडीतली सोजरा मांडवातून पळत आली होती, धापा टाकत होती आणि हसत होती. मी पहिल्यांदाच नवरीचं तोंड बघत होतो.

"काका," ती म्हणाली, "घर मागं राहिलं."

आणि तुम्ही अजून गातच होतात.

ग्यानोबा